फोन जोडणारी बहीण

तीन मिनिटं होऊन गेली तरी इंदूनं फोन तोडला नाही. असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात लागल्यापासून तिचा हात घड्याळाचा ताबेदार होता. तीन मिनिटं भरली की बोर्डावरची बोलायची किल्ली खाली करायची, दोघांच्या बोलण्यात तोंड घालून "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" असं विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की दोरी ओढून बोर्ड मोकळा करायचा. संत्र्याच्या हंगामात दिल्ली-कलकत्त्याचे भाव विचारणारे व्यापारी तिला पाठीमागे कात्रीबाई म्हणत. तिला ते कळलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी थोडं बरंच वाटलं होतं. नावं ठेवायला का होईना, आपण कुणाला तरी आठवतो. त्या दुपारी सौसरच्या प्रेमलतानं इटारसीचा नंबर मागितला. प्रेमलता ही तिकडची ऑपरेटर. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण सर्दी झालेला आवाजसुद्धा दोघी ओळखत. सौसरच्या एक्स्चेंजातलं घड्याळ मागे पडायचं, म्हणून वेळ इंदूनं पाहायची असं दोघींत ठरूनच गेलेलं होतं. तर इंदूनं इटारसी जोडून दिलं. अलीकडे एक म्हातारा होता, किरट्या आवाजाचा. पलीकडे त्याची मुलगी, आजारी, दर दोन शब्दांना धाप लागणारी. औषध घेतलं का, जेवलीस का, एवढं झालं आणि म्हातारा म्हणाला, बाई, आता डोळे मीट, मी प्रार्थना करतो. वेळ संपतच आली होती. इंदूनं किल्ली खाली केली, विचारायला तोंड उघडलं, आणि तिच्या कानात म्हातारा सावकाश म्हणत होता, "आणि प्रभू, मधे बसून आमचा हा फोन जोडून देणारी जी बहीण असेल, तिलाही आज एकटं सोडू नकोस. तिचं कोण आहे, कोण नाही, ते तुला ठाऊक." इंदूचं तोंड तसंच उघडं राहिलं. घड्याळाचा काटा पुढे गेला, आणखी पुढे गेला. त्या दोघांनीच आमेन म्हणून फोन ठेवला तेव्हा तिला कळलं की आपला हात अजून दोरीवरच आहे.

घरी जाताना ती बाजारातून गेली, भाजी घ्यायची राहिली. म्हाताऱ्याच्या वाक्यात विशेष असं काय होतं, ते ती स्वतःला समजावून सांगत होती आणि तिला ते सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं तिच्या बोटांमधून गावाची सुखदुःखं गेली. पोरगा झाल्याची बातमी गेली, कापसाचा भाव पडल्याची गेली, गोटमारीच्या दिवशी, नदीवरच्या दगडफेकीत, कुणाचं डोकं फुटलं, कुणाला नागपूरला हलवलं, तेही तिच्याच बोर्डावरून गेलं. पण तिला फोन कधी आला नाही. ऑपरेटरला कोण फोन करतो? लोक तिच्यातून जातात, दारातून जावं तसे. आणि दाराला कुणी या-बसा म्हणत नाही. खोलीवर येऊन तिनं दिवा लावला, स्टोव्हवर चहा ठेवला, आणि कपबशी एकच काढली. रोज एकच काढत होती, पण त्या संध्याकाळी ती एक कपबशी तिच्या डोळ्यांत खुपली. लग्न करून तिला नरखेडच्या बाजूला दिली होती. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली, आणि हिला एक दिवस ओसरीवर पेटीसकट बसवून ठेवलं. मोहगावहून भाऊ आला. भाऊराव तिच्याहून मोठा, बोलायला तुसडा, पैशाला चिकट. तो आला, पेटी उचलून बैलगाडीत ठेवली, नवऱ्याच्या घराकडे एकदाही न पाहता गाडी वळवली. वाटभर एक अक्षर बोलला नाही. एका हातात कासरा धरून दुसऱ्या हातानं बागेतली संत्री तो तिच्यापुढे करत राहिला. ती सोलायची, अर्धं त्याला द्यायची. मोहगाव येईपर्यंत तिच्या नखांत सालीचा पिवळा रंग बसला होता, आणि तो वास आठवला की तिला अजून रडू येई. त्यानंच तिला मॅट्रिकला बसवलं, त्यानंच कुणाकुणाचे पाय धरून नोकरीची वाट काढली. हे उपकार इंदू विसरली नव्हती. पण पुतण्याच्या लग्नात हळद लावायची वेळ आली तेव्हा वहिनी, कुसुम, हळूच म्हणाली होती, इंदूताई, तुमी जरा मागे बसा. टाकलेल्या बाईचा हात हळदीला चालत नाही. इंदू मागे बसली. त्या दिवसापासून ती सगळीकडे मागेच बसत आली होती.

आठ दिवस तिनं कळ काढली. मग एका दुपारी बोर्ड शांत असताना तिनं प्रेमलताला विचारलं, इटारसीला फोन करणारा तो म्हातारा कोण? प्रेमलता हसली. म्हणाली, मनोहर कंपाउंडर आहे तो, दवाखान्यातून रिटायर झाला, ख्रिस्ती माणूस आहे, रविवारी त्याच्या घरी त्यांची मंडळी जमते. तुला काय काम पडलं? काम काहीच नाही, असं इंदू म्हणाली, आणि त्याच रविवारी सौसरच्या बसमध्ये बसली. बसभर ती स्वतःला शिव्या घालत होती. नवऱ्यानं टाकलेली, चाळिशीला आलेली बाई, एका म्हाताऱ्याच्या तोंडचं अर्धं वाक्य ऐकून बस धरते, हे कुणी ऐकलं तर पदराआड हसेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग लागले होते, बाया गवताच्या थरावर फळं मांडत होत्या. दोनदा तिच्या मनात आलं की इथेच उतरावं आणि मोहगावला भावाकडे जावं, कुसुमला भाजी चिरू लागावी. ती उतरली नाही.

कंपाउंडरचं घर म्हणजे टिनाची दोन खोल्यांची जागा. सतरंजीवर दहा-बारा माणसं, एक जुनी पेटी, तिच्या भात्यातून वारा निसटायचा तो गाण्यापेक्षा जास्त ऐकू यायचा. भजनाची चाल गावातल्या भजनाचीच, शब्द तेवढे येशूचे. इंदू सवयीनं मागे, दाराशी बसायला गेली तर एका बाईनं तिच्यासाठी अंग चोरून मधे जागा केली. या मंडळीची एक रीत होती. प्रार्थनेआधी प्रत्येकानं सांगायचं की आपण आज कुणाला सोबत आणलं आहे. म्हणजे जे माणूस इथे आलेलं नाही, येणारही नाही कदाचित, त्याचं नाव घ्यायचं. कुणी म्हणालं, शेजारची म्हातारी. कुणी म्हणालं, पंढरीनाथ ड्रायव्हर, ज्याच्या गाडीनं आलो. इंदूची पाळी आली तेव्हा ती मागे वळून दाराकडे पाहायला लागली आणि म्हणाली, मी एकटीच आली. मनोहर कंपाउंडरनं चष्मा कपाळावर सरकवला. तो चांगलाच वाळलेला, हाडांवर सदरा टांगल्यासारखा माणूस होता.

"एकटं कोणी येत नाई बाई इथं," तो म्हणाला. "घ्या एखादं नाव. घाई नाई."

खरंच घाई नव्हती. सगळे थांबून राहिले. इंदूला वाटलं, गावाचे सगळे नंबर आपल्याला पाठ आहेत, जिनिंगचा, वखारीचा, डॉक्टरचा, आणि आपलं म्हणावं असं एक नाव शोधायला एवढा वेळ लागतो. नवऱ्याचं नाव जिभेवर आलं आणि कडू होऊन परत गेलं. मग तिच्या नाकाशी संत्र्याच्या सालीचा वास आला आणि ती म्हणाली, भाऊराव. मोहगावचा माझा भाऊ. सगळ्यांनी मान हलवली, जणू भाऊराव खरंच पागोटं काढून सतरंजीवर येऊन टेकला होता.

चहाच्या वेळी तिनं कंपाउंडरला सांगितलं की मी पांढुर्ण्याची ऑपरेटर, आणि तुमच्या मुलीची तब्येत आता कशी आहे? तो म्हणाला, ती गेली. दिवाळी झाल्यावर, गेल्याच आठवड्यात गेली.  तिला खरं तर आभार मानायचे होते, माझ्यासाठी तुम्ही बोललात म्हणून. आता ते कसं काढावं ते कळेना. तरी ती चाचरत बोललीच. कंपाउंडर आठवायचा प्रयत्न करू लागला आणि मग सरळ म्हणाला की तुमच्यासाठी असं नाही, ते मी नेहमीच म्हणतो. जो कोणी मधे असेल त्याला घेतो. बसनं गेलो तर ड्रायव्हरला घेतो, पत्र टाकलं तर पोस्टमनला. इंदूला तोंडात मारल्यासारखं झालं. आठ दिवस ती ज्या वाक्यावर जगली ते वाक्य खिरापतीसारखं सगळ्यांत वाटायचं होतं. रागाच्या भरात तिनं नको ते विचारलं. म्हणाली, एवढी प्रार्थना केली तुम्ही, मग तुमच्या देवानं ऐकलं कुठे?

"आयकलं का नाई, मले मालूम नाई," कंपाउंडर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. "म्या लाइन सोडली नाई, एवढं खरं."

परत येताना बसमध्ये तिनं ठरवलं की पुन्हा यायचं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं आपल्याला कशाला? पण 'लाइन सोडली नाही' हे शब्द तिच्या धंद्यातले होते, आणि धंद्यातला शब्द माणसाला लवकर सोडत नाही. पुढच्या दिवसांत बोर्डावर बसल्या बसल्या ती त्या शब्दांना उलटून पालटून पाहत राहिली. लाइन मेलेली असते ती इंदूला कळे, आणि लाइन चालू असून पलीकडचा बोलत नसतो तेही कळे. दोन्हीकडे शांतताच. पण मेलेल्या लाइनीत कान लावला तर कान आपलाच राहतो, त्यात काही नसतं. चालू लाइनीत एक बारीक गुणगुण असते, दूरच्या तारांवर वारा चालावा तशी, आणि पलीकडे कुणी आहे ते शब्दांवाचून समजतं. एका संध्याकाळी ती खोलीत खाटेवर बसली, दार लावून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बोला." स्वतःच्या आवाजाला ती दचकली. मग तिला हसू आलं, कारण बोलायचं तर तिलाच होतं. काय बोलावं? ती म्हणाली, मी इंदू. पांढुर्ण्याहून. पुढे काही सुचेना. ती गप्प बसून राहिली आणि सवयीनं कान लावून राहिली. कुठूनही आवाज आला नाही, उजेड पडला नाही, कंदिलाची वातसुद्धा हलली नाही. पण ती शांतता मेलेली नव्हती, हे तिला अंगातून कळलं, आणि ह्या एका गोष्टीत इंदूची चूक होणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं तिनं दुसरं केलंच काय होतं?  ती रडली, मनसोक्त रडली, आणि मग तिला सडकून भूक लागली. पिठलं टाकून तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. सगळ्यांसाठी म्हटलेल्या वाक्यात आपणही आहोत, हे काही कमी नाही, असं तिला जेवताना वाटलं. वरात जेवायला बसली तर यजमान एकेकाचं नाव घेऊन कुठे बोलावतो? पंगत आपलीही असते.

त्यानंतर इंदूचा रविवार चुकला नाही. नाताळात तिनं मंडळीबरोबर करंज्या केल्या. तिच्या करंज्यांना मोहगावच्या पद्धतीची मुरड होती, ती सगळ्या बायांनी शिकून घेतली. कधी कधी मनात पाल चुकचुके. आपण देवासाठी येतो का या चहासाठी, मधे जागा करून देणाऱ्या त्या बाईसाठी? एकदा तिनं हेही प्रार्थनेतच विचारून टाकलं, आणि कशासाठी का असेना, यायचं, असं स्वतःच उत्तर दिलं. मंडळीत नाव घ्यायचं होई तेव्हा तिच्या तोंडी एकच नाव असे. भाऊराव. एकेका रविवारी कुसुम किंवा पुतणी शोभा यांचंही नाव घ्यावं असं मनात येई, पण तिला वाटे, भावाला घेतलं की त्याची बैलगाडी, त्याचं घर, सगळं त्याच्या मागोमाग येतंच. हे नाव चार भिंतींत राहणार नाही, सौसरच्या सतरंजीवरून ते मोहगावच्या पारावर जाईल, हे मात्र तिला सुचलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची गुपितं हातातून जाऊ देणाऱ्या बाईला स्वतःचं बोलणं कुठे जातं याचा पत्ता नसावा, याला काय म्हणावं?

चैत्रात ऊन तापायला लागलं होतं. एक्स्चेंजच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला होता आणि तो वाळून खंक झाला होता. दुपारी प्रेमलताचा आवाज आला, मोहगाव पोस्टातून फोन आहे, पांढुर्ण्याला वखारीत दादाजींना द्यायचा आहे, वेळ तू पाहा. दादाजी हे इंदूचे चुलते, कापसाच्या वखारीत दिवाणजी. तिनं जोडून दिलं आणि ऐकायची किल्ली बंद करणार तोच पलीकडून आवाज आला तो भाऊरावचा. तिचं बोट थांबलं. आपली बहीण कुठे काम करते, हे भाऊरावला ठाऊक नव्हतं का? त्यानंच तर ही नोकरी लावली होती. पण फोन उचलल्यावर मधे कुणी बसलेलं असतं हे जसं सगळा मुलूख विसरतो, तसा तोही विसरला होता. घसा फोडून तो काकांना सांगत होता की शोभीचं लग्न मोडायची वेळ आली आहे. सावरगावच्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं आहे की मुलीचा बाप ख्रिस्ती झाला.

"दर इतवारी माहं नाव घेते म्हने तिथं," तो म्हणाला. "मोहगावात लोकं मले इचारून राहिले, भाऊराव, तूबी तिकडे गेला काय? काका, तुमी सावरगावले जा. त्याईले सांगा, इंदूचा आन् आमचा काई संबंध उरला नाई. लग्नाची पत्रिका तिले जानार नाई. आमच्यासाठी ते मेली."

दादाजी काका ऐकायला मंद. त्यांनी सगळं दोनदा वदवून घेतलं, त्यामुळे इंदू दोनदा मेली. तिच्या डोळ्यांसमोर बोर्डावरची भोकं एकात एक मिसळली. दोरी हातात होती. ओढली असती तर लाइन तुटली म्हणून कुणाला संशयही आला नसता; चैत्रातल्या वाऱ्यात लाइनी तुटतातच. काका सावरगावला गेले नसते, निदान आज गेले नसते. तिच्या आत एक बाई ओसरीवर पेटीसकट बसली होती आणि म्हणत होती, ओढ. दुसरी म्हणत होती, मागे बस इंदूताई, ऐकलंच नाही असं कर, रविवारचं जाणं सोड, भावाच्या पायावर डोकं ठेव. त्या सतरंजीवरच्या दहा-बारा माणसांशी तुझं नातं ते काय? रक्ताचं माणूस तुला एकच आहे. हे खरं होतं.  मग त्या दोन आवाजांमधे इंदूला लाइनीची ती बारीक गुणगुण ऐकू आली. दोन टोकांना दोन माणसं ओरडत असताना मधे ती जशीच्या तशी होती.  तिनं घड्याळ पाहिलं. वेळ भरली होती. तिनं किल्ली खाली केली.

"तीन मिनिटं झाली," ती म्हणाली. "वाढवायची?"

 भाऊरावनं आवाज ओळखला होता, हे त्याच्या श्वासावरून तिला समजलं. काकांनी विचारलं, मधात कोन हाय?

"मी आहो काका, इंदू." लाइनीवर ती आपलं म्हणून पहिल्यांदाच बोलत होती; कायद्यानं ते चुकीचं होतं आणि तिला ते माहीत होतं. "भाऊ, तुमी तिथं गेले नाई. तुमचं नाव मी नेते. सावरगाववाल्याईले हे मी सोता जाऊन सांगीन, काकाले त्रास नको. पन इतवारचं जानं मी सोडनार नाई. आन् शोभीच्या लग्नाले मी येईन. पत्रिका नाई देली तरी येईन. हळदीले तं तुमी मले आधीबी हात लावू देला नाई, त्यात नवीन काई नाई. अंगनात बसीन."

भाऊरावनं फोन ठेवून दिला. काका बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिले.

सुटी झाल्यावर इंदू खोलीवर गेली नाही. एकदा खाटेवर बसलं तर पुन्हा उठणं होणार नाही अशी तिला भीती वाटली. ती तशीच जाम नदीच्या पुलावरून सावरगावला गेली. नदीत पाणी नव्हतं, नुसते गोटे पडले होते. नवऱ्या मुलाच्या घरी त्याची आजी शकुबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. त्या घरात तिचाच शब्द चालतो हे सगळ्यांना माहीत होतं. इंदूनं आडवळण घेतलं नाही. मी मुलीची आत्या, नवऱ्यानं टाकलेली, आणि मी येशूच्या प्रार्थनेला जाते. माझा भाऊ जात नाही, त्याचं नाव मी माझ्या मनानं घेते, मुलीत खोट पाहू नका. एवढं एका दमात सांगून ती उभी राहिली. शकुबाईनं सूप खाली ठेवलं नाही. कोंडा उडत होता आणि म्हातारी त्याच्यातून इंदूकडे पाहत होती.

"तिथं गेल्यानं तुले बरं वाटते काय?" शकुबाईनं विचारलं.

"वाटते," इंदू म्हणाली. "घरी एकटी बसली तरी आता एकटं वाटत नाई."

 सूनबाईला हाक मारून शकुबाईनं पाण्याचा तांब्या आणायला सांगितला. लग्नाचं काय, ते इंदूनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पाणी पिऊन ती परत पूल ओलांडून आली. आता तिला खरोखर भीती वाटत होती. शोभीचं लग्न मोडलं तर पोरीचा आयुष्यभराचा तळतळाट आपल्याला लागेल, आणि त्यावर कसलीच प्रार्थना पुरी पडणार नाही. शोभा लहानपणी तिच्याच मांडीवर झोपत असे. त्या रात्री इंदूनं देवाला काही मागितलं नाही. मी लाइनीवर आहे, एवढंच सांगितलं आणि ती पडून राहिली. रविवारी ती सौसरला गेली. कंपाउंडरला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो अवघडला, म्हणाला की भावाला त्रास होत असेल तर काही दिवस दुसरं नाव घ्या बाई, प्रभू समजून घेईल. इंदू सतरंजीवर मधोमध बसली होती. तिची पाळी आली. सगळ्यांना मोहगावची बातमी कळली होती, त्यामुळे सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. ओसरीवरच्या माझ्या पेटीला ज्यानं हात लावला त्याचं नाव मी दुसऱ्या कुणाच्या भीतीनं कसं टाकू? टाकणं म्हणजे काय ते तिला पुरतं माहीत होतं. ती नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, भाऊराव. मोहगावचा माझा भाऊ.

वैशाख लागला. एक दिवस बोर्डावर सौसरची झडप पडून फोन आल्याची खूण झाली आणि इंदूनं सवयीनं विचारलं, नंबर बोला. प्रेमलताचा आवाज जरा वेगळा होता.

"इंदू, मोहगाव हाये," ती म्हणाली. "नंबर कोनताच मांगून नाई राहिला. तुलेच मांगून राहिला."

इंदूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग लाइन जोडली गेली. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. पोस्टातली टपालावर ठसे मारण्याची ठकठक दुरून येत होती, आणि जवळ एक श्वास होता, तुसड्या माणसाचा.

"भाऊ, बोला," ती म्हणाली.

"सावरगावले गेल्ती म्हने तू."

"गेल्ती."

भाऊरावनं खाकरून घसा साफ केला. शकुबाईचा निरोप आला, असं तो म्हणाला. मुलीची आत्या तोंडावर खरं बोलणारी आहे, पोरगीही तशीच निघेल, असं म्हातारी म्हणते. तारीख पक्की झाली. कुसुम म्हणत होती, आदल्या दिवशी ये, मदतीला माणूस लागेल. हळदीचं तो काही बोलला नाही आणि इंदूनं विचारलं नाही. पुन्हा ती ठकठक ऐकू येत राहिली.

"अजूनबी घेते काय माहं नाव?" त्यानं विचारलं.

"घेते. दर इतवारी."

 त्यावर तो एवढा वेळ थांबला की दुसऱ्या कुणाची लाइन असती तर तिनं तोडली असती.

"हळू घेत जाय," भाऊराव म्हणाला. मग आवाज उतरवून, पोस्टमास्तरला ऐकू जाऊ नये असा, "आन् कुसुमचंबी घे. तिचे गुडघे लय दुखून राहिले. शोभीचं तं घेच."

हो म्हणायचं सोडून ती मान हलवत राहिली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे गावाला शिकवणारी बाई मान हलवत राहिली. भिंतीवरच्या तिच्या घड्याळात तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. पण आज ती मधे नव्हती, एका टोकाला होती, आणि सौसरचं घड्याळ मागे होतं. मग, उशिरा, प्रेमलताचा आवाज दोघांच्या मधे आला, आणि इंदूनं डोळे मिटून मनातल्या मनात तिलाही घेतलं.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

"वाढवा," भाऊराव म्हणाला.